हवेचं भाडं

दुसरबीडच्या स्टँडजवळ माझ्या एका शाळासोबत्याचं किराणा दुकान आहे. मेहकर–सिंदखेडराजा रस्त्यावर एस.टी. चुकली की मी तिथं जाऊन बसतो. कधीकधी बसायचं असतं म्हणून एस.टी. चुकवतो. एप्रिलातल्या एका दुपारी शटर अर्धं ओढलेलं होतं, दारात ओलं गोणपाट टांगलेलं होतं, आणि आत त्याची आणि त्याच्या भाच्याची जुंपली होती. भाचा २३ वर्षांचा, बी.ए. झालेला. दोन पोलीस भरत्या देऊन झाल्या. दोन्ही वेळा १६०० मीटरला थोडक्यात हुकला. आता त्याला ऑनलाइन धंदा करायचा होता आणि त्यासाठी मामाकडून पाच हजार रुपये पाहिजे होते.

"कशाचा धंदा?" मामानं विचारलं.

"ते अजून ठरलं नाही."

"मग पाच हजार कशाचे?"

"कोर्सचे. ४,९९९. सहा आठवड्यांत सगळं शिकवतात. काही येत नसलं तरी चालतं, असं तो पहिल्याच व्हिडिओत सांगतो."

मामाचा हात गल्ल्यावर होता. तो त्यानं काढला नाही, उलट कप्पा नीट बंद आहे ना हे दाबून पाहिलं.

"त्याचा स्वतःचा ऑनलाइन धंदा कोणता?"

"कोणाचा?"

"शिकवणाऱ्याचा. तो काय विकतो?"

भाचा जरा थांबला. "कोर्स."

"मंग तूच त्याचा धंदा."

हे लागलं. पण पोरगं हटलं नाही. मला ते आवडलं. नाहीतर गावाकडच्या अशा वादात वयानं मोठा एकच वाक्य टाकतो आणि लहान मान खाली घालून निघून जातो.

"मामा, कोर्स राहू द्या बाजूला," तो म्हणाला, "पण मी करू काय ते सांगा. जिजामाता कारखाना बंद पडलेला. वाळूजला गेलो तर कंत्राटी काम, आठ जणांत एक खोली. वावर चार एकर. गेल्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव ५,३२८ रुपये जाहीर झाला, आपल्याला हातात किती पडले ते काट्यावर तुम्हीच होते ना? दुकान टाकायचं म्हटलं तर गाळ्याचं डिपॉझिट, फर्निचर, माल. लाख रुपयांच्या आत शटर उघडत नाही. इथं मोबाईल आहे, नेट आहे, यूपीआय आहे. लागतं काय आणखी?"

"काहीतरी येणं लागतं."

"काही येत नसलेल्यांनीच केलं आहे! सारोळा कासारच्या सुमन धामणे आजी बघा. शाळेत गेल्या नाहीत, मोबाईल माहीत नाही. २०२० साली नातवानं 'आपली आजी' नावाचं यूट्यूब चॅनल काढलं. लाखो लोक बघतात. पुढं मसाले विकले त्यांनी."

"त्यांना काही येत नव्हतं?" मामा जवळजवळ ओरडलाच. "सत्तरीची बाई, लेका! सारा जन्म चुलीपुढं गेला. कारल्याची भाजी दाखवली तिनं, आणि कारलं खाण्यासारखं करणं काय सोपं आहे? नातवाला मोबाईल येत होता, आजीला मसाला येत होता. दोघांचं मिळून चाललं. तुझ्याकडं यातलं कोणतं आहे?"

"आणि ते बीडचे दादासाहेब भगत? इन्फोसिसच्या गेस्ट हाऊसवर ऑफिसबॉय होते. आज त्यांची डिझाइनची कंपनी आहे, शार्क टँकमध्ये जाऊन आले."

"ऑफिसबॉय होता हे तुला रीलनं सांगितलं. ते काम करता करता तो ॲनिमेशन शिकत होता, हे रील सांगते का?"

इथं मी तोंड घातलं. आजींचं चॅनल सुरू झालं त्याच वर्षी ऑक्टोबरात हॅक झालं होतं, हे मला आठवत होतं. चार-पाच दिवस सगळं हातातून गेलं होतं. पुढं परत मिळालं. कष्ट आजीचे, माल आजीचा, पण दाराची किल्ली तिसऱ्याकडं. एवढंच सांगायचं होतं. मामानं ते उचललं आणि थेट भाच्याच्या घरी नेऊन ठेवलं.

"तुमचं शेडनेट घे. मिरचीचा बीजोत्पादन प्लॉट. कसं असतं ते तूच काकांना सांग."

या भागात, देऊळगावराजा आणि सिंदखेडराजा तालुक्यांत, कोरडवाहू रानातून पांढऱ्या-हिरव्या जाळ्या उभ्या दिसतात. आत मिरची, टोमॅटो, ढोबळीचं संकरित बी तयार होतं आणि जालन्याच्या बाजूच्या कंपन्यांकडं जातं. भाच्यानं सांगितलं ते असं: आदल्या दिवशी दुपारनंतर मादी ओळीतली उद्या उमलणारी कळी हेरायची, चिमट्यानं ती हळूच उघडून आतले पुंकेसर काढून टाकायचे. दुसऱ्या दिवशी सकाळी नराचा पराग तिच्यावर लावायचा आणि देठाला दोरा बांधायचा. दोरा दिसला तर ते फळ बियाण्याचं, नाही दिसला तर तोडून फेकायचं. हे सांगताना त्याची बोटं हवेत चिमटा धरल्यासारखी हलत होती. काही येत नाही म्हणणाऱ्या माणसाची बोटं होती ती.

"बरं," मामा म्हणाला, "नर-मादीचं बी कोणी दिलं? कंपनीनं. भाव कोणी ठरवला? कंपनीनं. बी घेऊन गेले, तपासायला टाकलं. पास की नापास, कोण सांगणार? कंपनी. पैसे कधी? पास झाल्यावर. शेडनेट तुझं, बायांची मजुरी तुझी, पाणी तुझं. तुझा मोबाईलवरचा बाजार याच्यापेक्षा वेगळा आहे का? दुकान तुझं म्हणायचं, पण गिऱ्हाईक त्यांचं, नियम त्यांचे. उद्या म्हणाले नापास, तर नापास."

मला वाटलं, संपलं. पण भाच्याचं उत्तर तयार होतं.

"मग नापासाच्या भीतीनं आपण प्लॉट सोडला का, मामा? त्याच प्लॉटच्या पैशात ताईचं लग्न झालं. आणि मागच्या वर्षी कंपनीच्या ऑर्गनायझरनं आणलेला करारनामा घरात कोणी वाचला? मीच वाचला. उगवणशक्तीच्या आकड्यावरून त्याच्याशी भांडलं कोण? मीच. ॲपच्या अटीही तशाच वाचीन."

मामानं माझ्याकडं पाहिलं. "पोरगं बोलायला लागलं," असं त्यात होतं; कौतुक की तक्रार ते कळलं नाही.

मग गाडी हिशेबावर आली. वादाचा कस इथं लागला, म्हणून जरा सविस्तर सांगतो. भाच्याच्या डोक्यात ड्रॉपशिपिंग होतं: माल सुरतच्या कोण्या व्यापाऱ्याकडं, फोटो आपल्या पेजवर, ऑर्डर आली की व्यापारी परस्पर पाठवणार, मधला फरक आपला. मालाला हातही लावायचा नाही. मामानं चहापत्तीचा रिकामा पुडा फाडून उलटा केला आणि कानावरचं पेन काढलं.

"कुर्ती केवढ्याला पडते?"

"१८०. विकायची २९९ ला."

"पाठवायला?"

"७० धरा. पिशवी-टेप पाच रुपये."

"म्हणजे तू म्हणतोस, एका नगाला ४४ सुटले. दहा नगाला ४४०. हेच ना त्या व्हिडिओत? आता सांग, दहातल्या किती परत येतील?"

"परत काहून येतील?"

"अरे, पैसे घरी माल आल्यावर द्यायचे ना? इथं दुकानात उभं राहून, माप पाहून, बोट लावून घेतलेला रवा लोक संध्याकाळी परत आणतात. तू न पाहिलेली कुर्ती विकतोस. कोणाला घट्ट होईल, कोणाला रंग वेगळा वाटेल, कोणाचा नवरा म्हणेल कशाला मागवली, कोणी फोनच उचलणार नाही."

"त्याला आरटीओ म्हणतात," भाचा म्हणाला.

"गाडीच्या पासिंगचं काय इथं?"

दोघंही एकमेकांकडं बघत राहिले, मग भाचाच हसला. कुरिअरच्या भाषेत न स्वीकारता मूळ जागी परतलेलं पार्सल म्हणजे आरटीओ. बुलढाण्याच्या आरटीओइतकंच तेही खर्चाचं प्रकरण आहे, असं मी म्हटलं.

"बरं, तुझा आरटीओ तीन धर," मामा म्हणाला आणि लिहीत गेला. किराणा दुकानदाराचा तोंडी हिशेब ज्यांनी पाहिला आहे त्यांना हा वेग माहीत असेल. सात गेले, सात गुणिले २९९ म्हणजे २,०९३. सात कुर्त्यांचे १,२६०. पाठवणूक दहांचीच, ७००. तीन परत आले, त्यांचं येण्याचं भाडं २१०. पिशव्या ५०. बेरीज २,२२०. "१२७ रुपये तुझ्या खिशातून गेले. जाहिरात अजून धरलीच नाही."

भाच्यानं पुडा ओढून घेतला. "तिनाच्या ठिकाणी दोनच आले तर?" त्यानं मोबाईलवर केलं. आठ गुणिले २९९, २,३९२. त्यातून १,४४०, ७००, १४० आणि ५० वजा. "६२ उरले."

"म्हणजे तुझा धंदा एका पार्सलावर उभा आहे," मामा म्हणाला. "तिसरं परत आलं की आडवा."

दोघं बराच वेळ त्या पुड्याकडं बघत होते. कोणत्याही कोर्सात पाच हजारांत याहून जास्त काही मिळालं असतं, असं मला वाटत नाही. आणि मालाला हात न लावण्याचं जे सुख सांगितलं जातं, तेही खोटंच. ग्राहक संरक्षणाचे ई-कॉमर्स नियम २०२० सालापासून आहेत. खराब किंवा सांगितलेल्यापेक्षा वेगळा माल गेला, तर विकणाऱ्याला तो परत घेणं नाकारता येत नाही. सुरतेचा व्यापारी फोन बंद करील, गिऱ्हाईक तुमच्या पेजवर येऊन बोलेल.

आता बाजी मामाची झाली असं धरून मी उठणार होतो. तेवढ्यात भाच्यानं दुकानाच्या भिंतीकडं बोट दाखवलं. खिळ्याला तीन वह्या अडकवलेल्या होत्या, लाल कापडी पुठ्ठ्याच्या.

"आणि मामा, ते काय आहे?"

"उधारी."

"ती किती परत येते?"

मामा गप्प.

"माझं पार्सल निदान आठवड्यात परत येतं. माल तरी हातात येतो. तुमची साखर लोक खाऊन बसले, पैसे सुगीला. सुगी बुडाली की पुढच्या सुगीला. आरटीओ तुमच्याकडंही आहे, फक्त तुम्ही त्याला नाव दिलं नाही. वरून तुमचं गिऱ्हाईकही चाललं. पूर्वी नागपूरच्या गाड्या या रस्त्यानं जायच्या, स्टँडवर थांबायच्या. डिसेंबर २०२२ मध्ये नागपूर–शिर्डी समृद्धी महामार्ग सुरू झाला, गाड्या तिकडून जाऊ लागल्या. गावातली माणसंही मोबाईलवरून मागवतात. मामीचा मिक्सर कुठून आला?"

"मी मागवला," आतून मामीचा आवाज आला. "स्वस्त पडला."

"बघा! रस्ताच हलला, मामा. दुकान जिथल्या तिथं राहिलं."

"तुझ्या त्या रस्त्यालाही टोल आहे," मामा म्हणाला, पण आवाजात जोर नव्हता. कमिशन, पाठवणूक, जाहिरात असं त्यानं बोटांवर मोजलं खरं. वऱ्हाडाला हे गणित नवं नाही. १८७० साली खामगावचा कापूस नेण्यासाठी जलंबहून रेल्वेचा फाटा काढला, व्हाइसरॉय लॉर्ड मेयो स्वतः उद्घाटनाला आले. बाजार दारात आला आणि त्याच वेळी भाव लिव्हरपूलकडं बघून ठरू लागला. रस्ता आला म्हणून कोणी कापूस लावायचा सोडला नाही, आणि रस्ता आला म्हणून पिकवणारा सावकारही झाला नाही.

मामी चहा घेऊन बाहेर आल्या. त्यांनी दोघांचं सगळं ऐकलं होतं, हे त्यांनी कप ज्या आवाजात ठेवले त्यावरून कळलं.

"आधी शिक, मग धंदा कर, असं सांगता पोराला," त्या नवऱ्याला म्हणाल्या. "तुम्ही दुकान टाकलं तेव्हा काय येत होतं? तराजूची दांडी धरता येत नव्हती. पहिल्याच पावसाळ्यात गुळाच्या अकरा ढेपी भिंतीला लावून ठेवल्या आणि सगळ्या पाझरल्या. माझ्या अंगावरचं मोडून दुसरा माल भरला."

हे मला इतक्या वर्षांत ठाऊक नव्हतं.

"म्हणजे मामा, तुमची फी गुळात गेली," भाचा म्हणाला.

"गूळ बैलांना तरी घातला," मामा म्हणाला. "तुझा कोर्स कोणाला घालणार?"

यावर तिघंही हसले आणि वादाचा ताण उतरला. पण मामींचा मुद्दा हसण्यावारी गेला नाही, आणि माझं मत त्यांच्याच बाजूचं आहे. कौशल्य आधी आणि धंदा नंतर, असं कोणाचंच झालेलं नसतं. प्रश्न एवढाच, की शिकताना बुडणारी रक्कम किती आणि ती कोणाच्या हातात जाते. अकरा ढेपी गुळानं मामाला भिंतीची ओल शिकवली. आज त्याच्या दुकानात गूळ फळीवर असतो, भिंतीपासून हातभर लांब.

भाच्यानं तेव्हाच मोबाईलवर आलेला एक मेसेजही दाखवला: घरबसल्या व्हिडिओला लाईक करा, दिवसाला अमुक कमवा. पहिल्यांदा दीडशे रुपये खरंच खात्यात येतात, मग मोठ्या कामासाठी आधी पैसे भरायला लावतात, आणि भरलेले परत येत नाहीत. त्याला हे माहीत होतं. गावातल्या एकाचे गेले होते. ज्यांचे जातात त्यांनी लाजेनं गप्प न बसता ताबडतोब १९३० वर फोन करावा. जितका उशीर, तितके पैसे पुढं सरकतात.

"मग मी विकू काय?" मामानं ज्या प्रश्नानं सुरुवात केली होती, तोच प्रश्न भाच्यानं शेवटी विचारला.

मी त्यांना फ्लिपकार्टची गोष्ट सांगितली. २००७ साली बंगळुरूत दोन बन्सलांनी चार लाख रुपयांवर सुरुवात केली. दोघंही आधी ॲमेझॉनमध्ये नोकरी करून आलेले, म्हणजे काही येत नव्हतं असं नव्हे. पण माल निवडला तो पुस्तकांचा. पहिली ऑर्डर आली ती कोण्या महानगरातून नव्हे, महबूबनगरहून. पुस्तक जवळ नव्हतंच, बंगळुरूची दुकानं धुंडाळून मिळवलं आणि पाठवलं. ॲमेझॉननंही १९९५ मध्ये पुस्तकांपासूनच विक्री सुरू केली होती. पुस्तकच का? पुस्तक घट्ट-सैल होत नाही, नासत नाही, पडलं तर फुटत नाही, आणि इथलं तेच तिथलं.

"म्हणजे परत न येणारा माल," मामा म्हणाला.

"आपल्याकडं तसं काय आहे?" भाचा म्हणाला.

मामींनी वर बघितलं. गच्चीवर वाळवण पडलेलं होतं. हा उन्हाळा आहे हे आम्ही तिघंही पुरुष विसरलो होतो.

त्यांनी दोन डबे आणून ठेवले. एकात गव्हाच्या चिकाच्या कुरडया, एकात बाजरीच्या खारोड्या. ज्यांना खारोडी माहीत नाही त्यांच्यासाठी: बाजरी भरड दळायची, तीळ, लसूण, तिखट, मीठ घालून शिजवायची आणि गरम असतानाच बोरांएवढे गोळे कापडावर घालून कडक वाळवायची. शेंगदाणे आणि कांद्याबरोबर तशीच खायची. पुण्या-मुंबईकडं गेलेली आमच्याकडची माणसं सुटीवरून परतताना बॅगेत हमखास नेतात ती हीच. मामींच्या बचत गटातल्या बाया दरवर्षी करतात, मागणी ओळखीपाळखीतून.

"कुरडया विकू," भाचा म्हणाला. "पांढऱ्याशुभ्र दिसतात. फोटो चांगला येईल."

मामानं दुकानातलं बिस्किटाचं रिकामं खोकं घेतलं. त्यात कुरडया अलगद रचल्या, काट्यावर ठेवलं. जेमतेम किलोभर. भाच्यानं कुरिअरचं पान मोबाईलवर उघडलं आणि वाचता वाचता थांबला.

"मामा, हे नुसतं वजन नाही बघत. लांबी गुणिले रुंदी गुणिले उंची, सेंटिमीटरमध्ये, भागिले ५,०००. जे जास्त निघेल त्याचे पैसे."

पट्टी आणली. ३० गुणिले ३० गुणिले २०. म्हणजे १८,०००. भागिले ५,०००.

"३.६ किलो," भाचा म्हणाला.

"किलोभर मालाला साडेतीन किलोचं भाडं?" मामानं खोक्यात वाकून पाहिलं. कुरडयांच्या जाळीतून तळ दिसत होता. "हे तर हवेचं भाडं झालं."

मग खारोड्या. लहान खोकं, २० गुणिले १५ गुणिले १०. ३,००० भागिले ५,०००, म्हणजे ०.६. वजन किलोभर. भाडं किलोचंच. शिवाय कुरडई वाटेत मोडली की चुरा, खारोडी मुळातच गोळा. फोटो मात्र, खरं सांगायचं तर, अगदीच वाईट येतो. मातकट, ओबडधोबड. भाच्यानं तीन कोनांतून काढून बघितला आणि मग मामीचा हात त्यात घेतला, तेव्हा जरा बरा आला.

"किलोला केवढ्याला पडतात?" मामानं विचारलं.

"बाजरी, तीळ, लसूण, सरपण... २०० धरा."

"आणि तुमच्या हाताचे?" हे भाच्यानं विचारलं. मामानं ते विचारलं नव्हतं, याची मी नोंद घेतली.

मामींना हा प्रश्न कोणी कधी केलेला दिसला नाही. "५० धर," त्या म्हणाल्या, मग म्हणाल्या, "नाही, ६०."

२६०. खोकं, आतली पिशवी, टेप २०. राज्यातल्या राज्यात पाठवणूक ८०. एकूण ३६०. विक्री ४५०. सुटले ९०. आणि पैसे आगाऊ, यूपीआयवर. घरी माल आल्यावर पैसे ही सोय द्यायचीच नाही, असं भाच्यानं ठरवलं. मामा म्हणाला, गिऱ्हाईक कमी होईल. भाचा म्हणाला, होऊ द्या, वीसच पाहिजेत. पहिले वीस जण मामीच्या माहेरचे, वाळूजचे, चाकणचे, पुण्याचे. ज्यांना खारोडी काय ते समजावून सांगावं लागत नाही.

कागदपत्रांचं काम आम्हाला वाटलं तितकं जड निघालं नाही. बचत गटानं खाद्यपदार्थांची साधी नोंदणी आधीच शंभर रुपये भरून केलेली होती. एफएसएसएआयचा चौदा आकडी नंबर मामींच्या वहीत होता. तो पाकिटावर छापायचा, सोबत घटक, वजन, बनवल्याची तारीख, किंमत आणि शाकाहाराचा हिरवा ठिपका. उद्यम नोंदणी आधार आणि पॅनवर सरकारी संकेतस्थळावर फुकट होते. त्याचे दीड-दोन हजार मागणारे एजंट आहेत, त्यांना द्यायचं काही कारण नाही. मोठ्या ॲपवर जायची वेळ आलीच, तर १ ऑक्टोबर २०२३ पासून लहान विक्रेत्याला जीएसटी नंबराशिवाय आपल्या राज्यापुरता माल ॲपवरून विकता येतो. फक्त त्यासाठीचा नोंदणी क्रमांक घ्यावा लागतो. परराज्यात विकायचं तर जीएसटी लागतो. भाच्यानं हे सगळं मोबाईलवर शोधून, दोन ठिकाणी ताडून पाहिलं. करारनामा वाचणारा तोच हा मुलगा.

पाच हजार मामानं दिलेच नाहीत. दोन हजार दिले, आणि खिळ्याला नव्यानं अडकवायला आणलेली कोरी लाल वही दिली.

"दोन पानं कर. एकीकडं गेलं, एकीकडं परत आलं. रोज लिही."

"मी मोबाईलमध्ये लिहीन, मामा."

"कशातही लिही. पण परत आलेलं पान आधी लिही."

उधारीचं काय करायचं, यावर मात्र त्या दिवशी कोणी बोललं नाही. वह्या खिळ्यालाच होत्या.

माझी एस.टी. आली. निघताना मी खारोड्या मागितल्या तर भाचा म्हणाला, "काका, हातात नाही देणार. पत्ता सांगा आणि ४५० पाठवा." मी पाठवले. मामा हे बघत होता. इतक्या वर्षांत त्याच्या दुकानातून माझ्याकडून आगाऊ पैसे पहिल्यांदाच घेतले गेले.

पार्सल सहाव्या दिवशी आलं. खोक्याच्या एका कोपऱ्यात टेप सुटली होती आणि तळाशी मूठभर चुरा निघाला. तसं त्याला कळवलं आहे.